सिंक घेताना माप कोणाचे घ्यावे?

नवे घर बांधताना दाराच्या चौकटीचा मुहूर्त पाहिला जातो, देवघराची दिशा दोनदा विचारली जाते, फरशीचे नमुने ओसरीत मांडून घरातले सगळे त्यांवर मत देतात. स्वयंपाकघरातील सिंक आणि न्हाणीघरातील बेसिन मात्र बहुधा शेवटच्या आठवड्यात ठरते. ओट्याच्या ग्रॅनाइटला खाच पाडण्यासाठी कारागीर येऊन थांबलेला असतो. मग घरातले कोणीतरी दुचाकीवर दुकानात जाते आणि दुकानदार पुढे करील ते सिंक घेऊन येते. पुढची वीस-पंचवीस वर्षे घरातील स्त्री दिवसातून दोन-तीन वेळा त्या सिंकपुढे उभी राहते. तिची उंची, तिच्या हाताची लांबी, तिच्या रोजच्या भांड्यांचा आकार यांपैकी काहीही त्या खरेदीच्या वेळी कोणी मोजलेले नसते.

वाचकहो, आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे आपल्याला वाटेल. कंबरदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रीला मी नेहमी विचारतो की, भांडी कोठे घासता, उभ्याने की बसून, आणि उभ्याने घासत असाल तर किती वाकावे लागते. उत्तर देताना बहुतेक जणी उभ्या राहून वाकून दाखवतात. गोळीने आठ दिवस बरे वाटते. पण जे सिंक रोज तेवढेच वाकायला लावते, ते गोळीने वर येत नाही. म्हणून सिंकचे माप ठरवणे हे घराच्या शोभेइतकेच कंबरेचे, हातांच्या स्वच्छतेचे आणि वृद्धांच्या सुरक्षिततेचे काम आहे.

नामपूरसारख्या गावांत हा प्रश्न आताच अधिक जाणवू लागला आहे. मोसम नदीकाठच्या आपल्या भागात एका पिढीपूर्वी भांडी मोरीत किंवा अंगणात पाटावर बसून राखेने घासली जात. पाणी हंड्या-कळशीने आणलेले असे. आता चित्र बदलले आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण घराला नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट ठरवले गेले आणि त्यात स्वयंपाकाच्या स्वच्छ जागेचा समावेश झाला. नळ आणि उभ्याचा ओटा घरात आला की सिंकही येते. उकिडवे बसण्यातून गुडघ्यांची सुटका झाली ही चांगलीच गोष्ट आहे. पण माप चुकले तर गुडघ्यांचे दुखणे कमरेत येऊन बसते.

आधी भांडे मोजावे

दुकानात सिंकचे माप इंचांत सांगितले जाते : १८ बाय १६, २१ बाय १८, २४ बाय १८, दोन कप्प्यांचे ३७ बाय १८ आणि अशीच इतर. हे माप बहुधा बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंतचे असते. काठाची पट्टी वजा केली की आतील जागा दोन्ही बाजूंनी इंच-दीड इंच कमी भरते. आपली परात या आतल्या जागेत मावायची असते, म्हणून टेप नेहमी आत लावून पाहावी.

त्यापूर्वी घरी एक सोपे काम करावे. रोजच्या वापरातील सर्वांत मोठे भांडे निवडावे. कोणाकडे ते पिठाची परात असेल, कोणाकडे मोठी कढई, कोणाकडे दांड्यासह लांब भरणारा कुकर. ते पुठ्ठ्यावर पालथे ठेवून त्याभोवती रेघ मारावी आणि रेघेच्या बाहेर चहूकडून दोन इंच जागा सोडून पुठ्ठा कापावा. भांडे फिरवायला आणि हात घालायला एवढी जागा लागतेच. हा पुठ्ठा ज्या सिंकच्या तळाशी सपाट बसेल, ते सिंक आपल्या घरासाठी पुरेसे आहे. भांडे सिंकमध्ये आडवे मावत नसेल तर ते अर्धे बाहेर धरून घासावे लागते. त्यात मनगट आणि खांदा अवघडतो, पाणी ओट्यावरून पायांशी येते.

येथे 'रोजच्या वापरातील' हा शब्द महत्त्वाचा. कांदा लागवडीच्या दिवसांत शेतावर मजुरांचा स्वयंपाक होतो, लग्नसराईत घरात मोठी पातेली निघतात. त्या भांड्यांसाठी सिंक मोठे करू नये. त्यांच्यासाठी मागच्या दारी मोरी असू द्यावी, तीही कमरेइतक्या उंचीच्या कट्ट्यासह बांधता आली तर उत्तमच. नवे घर बांधताना मोरी पूर्ण काढून टाकण्याची जी पद्धत पडते आहे, तिचा वर्षातून दहा-बारा वेळा तरी पश्चात्ताप होतो.

चार-पाच माणसांच्या घराला आतून साधारण २० ते २२ इंच लांब व १६ इंच रुंद असे एक कप्प्याचे सिंक बहुतेक वेळा पुरते. दोन कप्प्यांचा मोह सहज होतो. ओटा लांब असेल आणि निदान एका कप्प्यात आपला पुठ्ठा बसत असेल तर ते जरूर घ्यावे. माणसे जास्त असलेल्या घरात त्याचा उपयोगही होतो. परंतु लहान ओट्यावर बसवलेल्या दोन अरुंद कप्प्यांत पुष्कळदा परात एकातही मावत नाही आणि धुतलेली भांडी निथळायला ओट्यावर जागाही उरत नाही. २७० चौरस फुटांच्या घरात दुसऱ्या कप्प्यापेक्षा भांडी पालथी ठेवण्याची हवेशीर जागा आरोग्याच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. ओल्या फडक्याने पुसलेल्या भांड्यापेक्षा निथळून वाळलेले भांडे स्वच्छ राहते.

सिंकच्या मोठेपणाला पाण्याची बाजूही आहे. आतून २२ इंच लांब, १६ इंच रुंद आणि ९ इंच खोल असे सिंक काठोकाठ भरले तर त्यात सुमारे ५२ लिटर पाणी मावते. माणशी रोजच्या ५५ लिटरांच्या हिशेबात हे एका माणसाचे जवळजवळ पूर्ण दिवसाचे पाणी झाले. सिंक भरून भांडी बुडवण्याची पद्धत म्हणून आपल्याकडे परवडणारी नाही. सिंकच्या आत एक लहान टब ठेवावा, त्यात भांडी भिजवावीत आणि शेवटी बारीक धारेखाली विसळावीत.

खोली आणि कंबर

लांबी-रुंदी भांडे ठरवते. खोली मात्र कंबरेने ठरवावी. खोल सिंकमधून पाणी उडत नाही, भांड्यांचा ढीग दिसत नाही, म्हणून ९ किंवा १० इंच खोलीचे सिंक अलीकडे आवडीने घेतले जाते. यात एक हिशेब राहून जातो. हात ओट्याच्या उंचीवर काम करीत नाहीत, ते सिंकच्या तळाशी काम करतात.

उदाहरण घेऊ. पाच फूट, म्हणजे १५२ सेंटिमीटर उंचीची स्त्री सरळ उभी राहिली तर तिचे कोपर जमिनीपासून साधारण ३८ इंचांवर असते आणि मोकळ्या सोडलेल्या हाताची बोटे साधारण २२ ते २३ इंचांवर येतात. ओटा ३२ इंच उंच आणि सिंक १० इंच खोल असेल तर सिंकचा तळ २२ इंचांवर गेला. म्हणजे हात पूर्ण खाली सोडूनही बोटे जेमतेम तळाला लागतील, आणि तळ तर पायांजवळ नसून पुढे असतो. भांडे तळाशी टेकवून घासायचे तर तिला कंबरेत वाकण्यावाचून गत्यंतर नाही.

वाकण्याची किंमत काय असते, हे स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद आल्फ नाखेमसन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्यक्ष मोजले. मणक्यांमधील चकतीत सुई घालून त्यांनी वेगवेगळ्या स्थितींतील दाब नोंदवला. सरळ उभे असताना चकतीवरचा दाब १०० मानला, तर उभ्याने थोडेसे पुढे झुकल्यावर तो सुमारे १५० होतो. हा दीडपट भार एखाद-दुसऱ्या मिनिटाचा नसतो. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास, असा तो वर्षानुवर्षे साचत जातो.

यासाठी दोन मापे घरीच घ्यावीत. जी व्यक्ती सर्वाधिक वेळ भांडी घासते तिने पायांत रोजची चप्पल असेल तर तीसह सरळ उभे राहावे, हात कोपरात वाकवावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजावी. सिंकचा काठ या उंचीच्या दोन ते तीन इंच खाली असावा. मग हात सरळ खाली सोडून मूठ वळावी आणि मुठीपर्यंतची उंची मोजावी. सिंकचा तळ या उंचीच्या खाली जाऊ नये. वर दिलेल्या उदाहरणातील स्त्रीसाठी काठ ३५ इंचांवर आणि खोली ७ ते ८ इंच असली म्हणजे दोन्ही अटी पूर्ण होतात.

मात्र सगळा ओटा ३५ इंच उंच केला तर शेगडीवरचे पातेले खांद्याशी येईल आणि कणीक मळताना जोर लागणार नाही. त्यावर उपाय गवंड्याला सांगण्याइतका सोपा आहे : शेगडीचा आणि कापण्या-मळण्याचा ओटा ३२ इंचांच्या आसपास ठेवावा आणि सिंकपुरता भाग तीन इंच उचलून घ्यावा. १९२६ साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरात कामगारांच्या घरांसाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने साडेसहा चौरस मीटरच्या आसपासचे लहानसे स्वयंपाकघर आखले, तेव्हा तिने काम करणाऱ्या स्त्रीच्या हालचाली आणि पावले यांचा हिशेब आधी केला आणि ओटा-कपाटे मागाहून मांडली. आपल्या घरासाठी हा हिशेब करायला टेप आणि दहा मिनिटे पुरतात.

आणखी दोन बारीक गोष्टी कंबरेला मोठा आराम देतात. ओट्याच्या पुढच्या कडेपासून सिंक दोन-अडीच इंचांपेक्षा आत नसावे. सहा इंच आत सरकवलेले सिंक तेवढेच पुढे झुकायला लावते. दुसरी गोष्ट पावलांच्या जागेची. ओट्याखालची भिंत किंवा ट्रॉलीचे दार थेट जमिनीला टेकले असेल तर पावले पुढे जात नाहीत आणि शरीर ओट्यापासून दूर राहते. तळाशी तीन-चार इंच उंच आणि तेवढीच खोल खाच ठेवायला सांगावे. पावले आत गेली की पोट ओट्याला टेकते आणि पाठ आपोआप सरळ होते.

हात धुण्याचे बेसिन

न्हाणीघरातील किंवा जेवणघराबाहेरील बेसिन निवडताना जागा वाचवण्याकडे कल असतो. कोपऱ्यात बसणारे बारा-चौदा इंचांचे बेसिन पाहुण्यांच्या डोळ्यांत भरते, पण त्यात हात नीट धुता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या पद्धतीने साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, नखांजवळून, हाताच्या पाठीवरून चोळून हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात. नळाच्या तोटीला बोटे आपटत असतील आणि पाणी कपड्यांवर उडत असेल तर लहान मूलच काय, मोठा माणूसही पाच सेकंदांत आटोपते घेतो. जुलाब, कावीळ आणि जंत यांचा रस्ता बहुतेक वेळा हातांवरूनच जातो. म्हणून बेसिन साधारण १८ ते २० इंच लांब आणि १४ ते १६ इंच रुंद असावे. दुकानात बेसिन आणि नळ शेजारी धरून पाहावे. तोटी मागच्या काठापासून चार-पाच इंच पुढे यावी आणि तिच्याखाली दोन्ही हात एकमेकांवर चोळताना बेसिनच्या भिंतीला लागू नयेत.

नळ उंच आणि बेसिन उथळ ही जोडी टाळावी. त्याचे गांभीर्य रुग्णालयांनी अनुभवले आहे. कॅनडातील टोरांटो शहरातल्या एका रुग्णालयात २००४ ते २००६ या काळात ३६ रुग्णांपर्यंत औषधांना दाद न देणारा स्यूडोमोनास जंतू पोहोचला. शोध घेतल्यावर दोष हात धुण्याच्या बेसिनचा निघाला : उंच तोटीची धार थेट जाळीवर पडे, बेसिन उथळ होते आणि गटारातल्या जंतूंसह शिंतोडे किमान १ मीटरपर्यंत उडत. बेसिनची रचना बदलल्यावर साथ थांबली. ते रुग्ण आधीच अशक्त होते, घरी इतके भय बाळगण्याचे कारण नाही. पण धार जाळीच्या थोडी पुढे पडावी, जाळीवर आदळू नये, आणि दात घासण्याचे ब्रश बेसिनच्या काठावर उघडे ठेवू नयेत, एवढा बोध घ्यावा. स्वयंपाकघरातही कच्चे चिकन जोरदार धारेखाली धुऊ नये. त्याचे शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर जातात.

घरातील वृद्धांसाठी शिंतोड्यांचा धोका वेगळा आहे. बेसिनपुढची ओली फरशी आणि पहाटेचा अंधूक उजेड यांमुळे घसरणे, आणि घसरल्यावर खुब्याचे हाड मोडणे, ही मालिका प्रत्येक डॉक्टरच्या परिचयाची आहे. तोल जाताना वृद्ध माणूस बेसिनचा काठ धरतो. भिंतीला दोन खिळ्यांवर टांगलेले बेसिन तो भार पेलण्यासाठी केलेले नसते. बेसिनच्या शेजारी भिंतीत पक्का आडवा दांडा बसवावा. घरात चाकाची खुर्ची वापरणारे कोणी असेल तर बेसिनखाली कपाट करू नये. जमिनीपासून २७ इंचांपर्यंत मोकळी जागा ठेवली म्हणजे गुडघे आत जातात.

बेसिनचा काठ मोठ्यांसाठी ३२ इंचांच्या आसपास सोयीचा असतो. ओट्यावर वाडग्यासारखे ठेवण्याचे बेसिन घेणार असाल तर त्याची पाच-सहा इंच उंची आधीच वजा करून खालचा कट्टा २६-२७ इंचांवर बांधावा. नाहीतर काठ ३८ इंचांवर जातो, हात वर उचलावे लागतात आणि पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळते. पाच वर्षांच्या मुलाला ३२ इंचही उंचच पडतात. त्याच्यासाठी रुंद, जड, न घसरणारी पायरी बेसिनजवळ कायम ठेवावी. जे मूल स्वतः नळापर्यंत पोहोचते, त्याला हात धुण्याची आठवण कमी वेळा करावी लागते.

पाणी जाते कोठे?

सिंक कितीही योग्य मापाचे घेतले, तरी त्याच्या खालून निघणारी नळी सरळ उघड्या गटारात सोडली तर घरात दुर्गंधी आणि झुरळे येतात. सिंकखाली पाणी साचून राहील असा बाक असलेली नळी बसवावी. बाकात थांबलेले पाणीच झाकणासारखे काम करते. बाहेर गटार नसेल तर शोषखड्डा करावा. लहान कुटुंबासाठी १ मीटर लांब, रुंद व खोल, दगड-विटांच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा करण्याची रीत आहे. काळ्या चिकण मातीत पाणी सावकाश जिरते, तेथे तो मोठा हवा. विहीर किंवा कूपनलिका किमान १५ मीटर लांब असावी. अंगणात साचलेले खरकटे पाणी म्हणजे डासांचा पाळणाच.

सिंक आधीच बसवलेले असेल तर

हा लेख वाचणाऱ्या अनेक घरांत खोल सिंक बसवून झालेले असेल. ते फोडण्याची गरज नाही. सिंकच्या तळाशी दोन-तीन इंच उंचीची स्टीलची जाळीदार घडवंची ठेवावी किंवा एक लहान टब पालथा घालून त्यावर भांडे ठेवून घासावे. तळ तेवढाच वर येतो. भांडी घासताना एक पाय चार-सहा इंच उंचीच्या पाटावर ठेवावा आणि थोड्या वेळाने पाय बदलावा. कंबरेची कमान त्यामुळे सैलावते. सगळी भांडी रात्रीपर्यंत साठवण्याऐवजी जेवल्याबरोबर ज्याने त्याने आपले ताट धुतले तर उभे राहण्याचा वेळ निम्म्यावर येतो. घरातील उंच पुरुषांना सिंक ठेंगणे पडते ही सबब घडवंचीने आपोआप निकाली निघते.

एवढे करूनही कंबरेची कळ पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा वाटत असेल तर तपासणी करून घ्यावी. लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा दुखण्याला सिंकचे माप हा उपाय नव्हे.

आणि ज्यांचे घर अजून बांधून व्हायचे आहे, त्यांनी एका कागदावर चार आकडे लिहावेत : सर्वांत मोठ्या रोजच्या भांड्याची रुंदी, कोपराची उंची, मुठीची उंची आणि ओट्याची लांबी. पहिला आकडा सिंकची लांबी-रुंदी सांगेल, दुसरा काठाची उंची, तिसरा खोली, चौथा एक कप्पा की दोन. तो कागद गवंड्याच्या हाती ओटा बांधण्यापूर्वी द्यावा आणि दुकानात जाताना पुठ्ठा सोबत घ्यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जिचे हात त्या सिंकमध्ये रोज जाणार आहेत तिला दुकानात घेऊन जावे. तिने सिंकशेजारी उभे राहून एकदा हात आत घालून पाहिला, की दुकानदाराला आणखी काही विचारावे लागणार नाही.